बाळाची बॅग घेताना : एक हात मोकळा हवा

माझं माहेर मिरजेचं, सासर साताऱ्याचं. पहिलं बाळंतपण माहेरी झालं. बाळ अडीच महिन्यांचं झालं तेव्हा नवरा न्यायला आला आणि आम्ही एसटीने साताऱ्याला निघालो. बारशाच्या बाळंतविड्यात एक सुंदर बॅग आली होती. फिकट गुलाबी, वर अस्वलाचं चित्र, एका खांद्यावर अडकवायची. कप्पे मोजले तर तेरा. गाडी कराडच्या स्टँडवर थांबली, नवरा पाण्याची बाटली आणायला खाली उतरला आणि नेमकी तेव्हाच बाळाने शी केली. मी त्याला सीटवर ठेवायला वाकले, तर खांद्यावरची बॅग घसरून बाळाच्या पायांशेजारी आपटली. चेन ओढली, तर रनरमध्ये आतलं अस्तर अडकून बसलं. ते सोडवायला दोन हात हवेत. माझा एक हात बाळाच्या पोटावर, तो उचलायची सोय नाही. शेवटी मागच्या सीटवरच्या मावशी म्हणाल्या, "दे गं लेकराला इकडं, तू तुझं पिशवीचं बघ."

तेव्हापासून कुणी पहिलटकरीण मला बॅगेबद्दल विचारायला आली की मी आधी एवढंच सांगते : कप्पे नंतर मोजू, ती एका हाताने उघडते का ते आधी बघ. तुमचा दुसरा हात पुढचं वर्षभर बाळावरच असणार आहे.

आधी तुमचा प्रवास लिहून काढा

दुकानात जाण्याआधी कागद घ्या आणि पुढच्या तीन महिन्यांत बाळाला घेऊन कुठे कुठे जायचंय ते लिहा. बहुतेकांच्या यादीत पहिली गोष्ट येते लसीकरण. जन्मताच्या लसी झाल्या की पुढे सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला जावं लागतं, मग नवव्या महिन्यात. लस दिल्यावर अर्धा तास तिथेच बसायला सांगतात आणि ते पाळायचंच. रांग, तो अर्धा तास, जाणं-येणं धरलं तर तीन तास घराबाहेर. ही फेरी प्रत्येक बाळाची होतेच. म्हणून बॅग निदान या तीन तासांना पुरेल एवढी तरी असावी.

यादीतली दुसरी गोष्ट माहेर-सासर. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे आपल्याकडच्या लेकी-सुना जास्त करून एसटीनेच जातात. एसटीत वरच्या रॅकवर टाकलेली बॅग बाळ रडायला लागल्यावर काही कामाची नाही. ती मांडीशेजारी किंवा पायाशी उभी राहिली पाहिजे. म्हणजे बॅग आडवी-पसरट नको, उभट हवी, आणि तळ इतका ताठ हवा की ठेवल्यावर ती कलंडणार नाही. बऱ्याच स्टँडवर हिरकणी कक्ष आहेत. बाळाला पाजायला आडोसा मिळतो, त्याचा जरूर उपयोग करा. पण तिथे बाळाला बदलायला वेगळं टेबल असेलच असं धरून चालू नका. बाकड्यावर अंथरायचं ते आपल्याच बॅगेतून निघालं पाहिजे.

रेल्वेने जात असाल तर साताऱ्याचं स्टेशन माहुलीकडे, गावाबाहेर आहे. कोयना एक्स्प्रेस पकडायची तरी घरून रिक्षा, मग गाडी, मग मिरजेला परत रिक्षा. एवढ्या चढ-उतारात बॅग हातात नको, पाठीवर हवी.

दुचाकीबद्दल थोडं कडक बोलते. नऊ महिने ते चार वर्षं वयाच्या मुलाला दुचाकीवर नेताना चालकाशी बांधून ठेवणारा सुरक्षा पट्टा आणि मुलाच्या डोक्यावर हेल्मेट हवं, वेग ताशी ४० किलोमीटरच्या वर नको, असा केंद्राचा नियम आहे. नऊ महिन्यांच्या आतल्या बाळाची मान आणि पाठ अजून भरलेली नसते, त्याला रिक्षाच बरी. मोठ्या मुलाला नेत असाल तरी बॅग हँडलला लटकवू नका. वळताना हँडल अडतं. आणि लांब पट्टा खाली लोंबत असेल तर साडीच्या पदरासारखाच चाकात जातो.

मग सामान पलंगावर मांडा

बॅग आधी घेऊन मग सामान कोंबायचं, ही उलटी गंगा झाली. आधी सामान काढा, पलंगावर मांडा, ढीग केवढा होतो ते बघा.

डायपर वापरत असाल तर मी धरते तो हिशोब असा : दर दोन-अडीच तासांना एक, शिवाय दोन जास्तीचे. तीन तासांच्या फेरीला चार डायपर भरपूर झाले. कापडी लंगोट वापरत असाल तर सहा-सात घ्या, कारण लहान बाळ थोडं थोडं पण सारखं ओलं करतं. लंगोटासाठी मलमल साताऱ्यात खण आळीत मिळते, पण घरातल्या जुन्या सुती साडीची सर तिला नाही. आजीच्या नऊवारीची दुपटी धुऊन धुऊन इतकी मऊ झालेली असतात की बाळ त्यावर लगेच निवांत होतं. दोन दुपटी, दोन झबली, एक टोपडं आणि सकाळ-संध्याकाळचा प्रवास असेल तर कुंची. घाण झालेले कपडे ठेवायला तोंड बांधता येईल अशी एक जाड पिशवी. शिवाय खाली अंथरायला मेणकापड, साधारण दीड फूट बाय दोन फूट, वरून सुती कापड शिवलेलं. नुसतं मेणकापड पाठीला चिकटतं आणि मे महिन्यात तर बाळ त्यावर क्षणभर टिकत नाही.

पुसायला वाइप्स असतातच. पण घरी उकळून वाळवलेले मऊ सुती तुकडे आणि छोट्या बाटलीत साधं पाणी यांनी तेवढंच काम होतं. मुलगी असेल तर नेहमी पुढून मागे पुसायचं. पावडरचा डबा मात्र ढिगातून उचलून बाजूला ठेवा. ती उडते आणि बाळाच्या श्वासात जाते. तुमच्या हातांसाठी साबणाचे पातळ कागद मिळतात, ते ठेवा. सॅनिटायझरने शीचा हात स्वच्छ होत नाही, त्याला साबण-पाणीच लागतं.

आता दूध. बाळ पहिले सहा महिने फक्त अंगावर पीत असेल तर तुमची बॅग निम्मी हलकी झाली म्हणून समजा. पाण्याची बाटली नको, गुटी नको, मध तर मुळीच नको. सांगलीचा उन्हाळा असला तरी सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वरचं पाणी लागत नाही, आईच्या दुधात ते असतं. पाणी लागतं ते तुम्हाला. म्हणून एक मोठी बाटली, डिंकाचे किंवा अळिवाचे दोन लाडू आणि आडोशाला एक सुती ओढणी. बाळाची बॅग भरताना घरातल्या बायका आईचा खाऊ हमखास विसरतात. लसीच्या रांगेत अकरा वाजता पोटात कावळे ओरडायला लागले की मग ते आठवतं.

डॉक्टरांनी वरचं दूध सुरू करायला सांगितलं असेल तर पावडर मोजून कोरड्या डबीत घ्या आणि उकळलेलं गरम पाणी थर्मासमध्ये. वेळेवर कालवा, अंगाला सोसेल इतकं निववा आणि पाजा. घरून तयार करून नेऊ नका. तयार दूध दोन तासांच्या वर ठेवायचं नाही, आणि बाळाने तोंड लावून उरवलेलं तर लगेच टाकायचं. बाटलीपेक्षा वाटी-चमचा बरा. बाहेर बाटलीचं बूच आणि खाचा नीट धुऊन होत नाहीत, वाटी होते.

इथेच एक गैरसमज काढते. बऱ्याच बॅगांना चंदेरी अस्तराचा एक कप्पा असतो आणि "यात दूध टिकतं" असं सांगून विकतात. तो कप्पा काही थंड करत नाही. आत ठेवलेल्या वस्तूची जी उष्णता असेल ती थोडा वेळ राखतो, एवढंच. कोमट दूध त्यात ठेवलं तर ते जास्त वेळ कोमट राहतं, आणि कोमट दुधातच जंतू झपाट्याने वाढतात. काढून ठेवलेलं आईचं दूध न्यायचं असेल तर कप्प्यात बर्फासारख्या गोठवलेल्या आइस पॅक हव्यात, आणि बाटली त्यांना टेकून हवी. बर्फाशिवाय चार तास टिकतं म्हणतात ते २५ अंशांच्या खोलीत. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यात पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा त्या चार तासांवर विसंबू नका.

दुकानात बॅग भरून बघा

मांडलेला ढीग एका पिशवीत भरा आणि पिशवी घेऊन दुकानात जा. साताऱ्यात पोवई नाक्यापासून राजवाड्यापर्यंत पुष्कळ दुकानं आहेत. ज्या दुकानदाराला तुम्ही सामान भरून बघितलेलं चालत नाही, तिथून उठा.

शोकेसमधल्या बॅगेत कागद कोंबलेला असतो, म्हणून ती गुबगुबीत आणि ताठ दिसते. तो काढायला लावा. रिकामी बॅग लगेच मान टाकते की थोडी तरी उभी राहते, हे तिथेच कळतं. मग आपलं सामान भरा. बाळ सोबत असेल तर ते डाव्या हातात घ्या, नसेल तर बाळाच्या वजनाचं काहीतरी, दुकानातली भरलेली पिशवीही चालेल. आता उजव्या हाताने चेन उघडा, न बघता एक डायपर आणि मेणकापड बाहेर काढा, चेन परत लावा. मग हात बदलून हेच पुन्हा करा. चेन ओढताना दुसऱ्या हाताने बॅग धरावी लागत असेल तर ती बॅग तुमची नव्हे, मग ती कितीही गोड दिसो.

चेनकडे जरा जवळून बघा, कारण बॅग जाते ती बहुतेक वेळा चेनने जाते. बॅग शिवणारे तिला नंबराने ओळखतात. मुख्य कप्प्याला आठ नंबरची असेल तर चांगली. पाच नंबरची बारीक चेन बाहेरच्या छोट्या कप्प्यापुरती ठीक. रनरला बोट जाईल एवढी कडी किंवा दोरीचा फास हवा. चेनच्या दोन्ही अंगांना अस्तर बोटभर मागे घेऊन दुहेरी टाक्याने दाबलं आहे ना, हे बोट फिरवून बघा. माझ्या गुलाबी बॅगेत ते नुसतं वर सोडलेलं होतं आणि दर तिसऱ्या वेळी रनर त्याला गिळायचा. सगळ्यात सोयीच्या बॅगा म्हणजे ज्यांच्या तोंडाला आतून पत्र्याची पट्टी असते. चेन उघडली की तोंड आपोआप आ वासून उघडं राहतं, तळापर्यंत दिसतं.

आकार १५ ते २० लिटरचा पुरे. त्याहून मोठी घेतली की ती भरतेच. घरातलं प्रत्येक जण "असू दे, लागलं तर" म्हणत त्यात काहीतरी टाकतं. रिकाम्या बॅगेचं वजन एक किलोच्या आत असावं. भरल्यावर ती तीन किलोंवर जात असेल तर ढीग पुन्हा तपासा. सिझेरियन झालेल्या बाईला पहिले सहा आठवडे बाळापेक्षा जड काही उचलू नको म्हणून सांगतात. अशा वेळी बॅग दुसऱ्या कुणीतरी घ्यायची आहे, हे आधीच ठरवा.

म्हणून पट्टे कमी-जास्त होणारे हवेत, सासूबाईंच्या खांद्याला आणि नवऱ्याच्या खांद्यालाही बसणारे. पाठीवरचीच बॅग घ्या, दोन रुंद पट्ट्यांची, वर हातात धरायला एक मजबूत कान. पट्टा बॅगेला जिथे जोडलेला असतो तिथे चौकोनात फुलीची शिलाई बघा. एकेरी शिलाई भरल्या बॅगेने उसवते. आणि रंग असा निवडा की घरातल्या पुरुषालाही ती घेऊन बाजारात जाताना अवघड वाटणार नाही. मुलाचा बाप बॅग घेतो तेव्हा आईचे दोन्ही हात बाळासाठी मोकळे होतात, म्हणून रंगाचा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो.

कप्पे पाच पुरेत

एक मोठा कपड्यांना. एक चटकन हात जाईल असा, डायपर आणि मेणकापडाला. एक बाहेरच्या बाजूला उभा, थर्मास किंवा बाटलीला. एक ओल्या कपड्यांच्या पिशवीला. आणि एक सपाट, पाणी न शिरणारा, कागदांना.

शेवटच्या कप्प्याचा आग्रह मी का धरते, ते सांगते. चौदाव्या आठवड्याच्या लसीला जाताना थर्मासचं झाकण एक आटा कमी बसलं होतं. थर्मास आतल्या कप्प्यात आडवा होता, त्याच्याच शेजारी माता-बाल संरक्षण कार्ड. रांगेत कार्ड काढलं तर ते ओलं होऊन फुगलेलं, आणि सहाव्या-दहाव्या आठवड्याच्या तारखांची निळी शाई पसरून बोटाएवढे डाग पडलेले. नर्सताईंनी त्यांच्या रजिस्टरमध्ये नाव शोधून तारखा पुन्हा लिहून दिल्या, पण मागे वीस बाया खोळंबल्या होत्या. कार्ड आता प्लास्टिकच्या पाकिटात असतं, त्याचा फोटो दोघांच्या मोबाइलमध्ये आहे, आणि थर्मास नेहमी बाहेर, उभा.

कापड आणि आपल्याकडचा पाऊस

साताऱ्याचा पाऊस वरून कमी आणि बाजूने जास्त येतो. दुकानात बॅगेवर चमचाभर पाणी टाकून बघा. थेंब मोत्यासारखे घरंगळले तर कापडाला लेप चांगला आहे. तरी चेन आणि शिलाईतून पाणी शिरतंच, म्हणून शाळेच्या दप्तरावर घालतात तसं रेनकव्हर वेगळं घ्या. रेक्झिनच्या बॅगा पुसायला सोप्या, पण उन्हात त्यांचे पोपडे निघतात आणि बाळ मोठं झालं की ते तोंडात घालतं. जाड सुती कॅनव्हास दिसायला छान, पण भिजला की वजन दुप्पट वाटतं आणि पावसाळ्यात दोन दिवस वाळत नाही.

आतलं अस्तर फिकट रंगाचं घ्या. काळ्या अस्तरात पांढरं टोपडं तेवढं दिसतं, सांडलेलं दूध आणि बुरशी दिसत नाही. नव्या बॅगेला रसायनाचा वास येत असेल तर सामान भरण्याआधी सगळ्या चेन उघडून दोन दिवस वाऱ्यावर ठेवा.

जुनी बॅग वापरायची असेल तर हरकत नाही. माझ्या दुसऱ्या बाळाला मी नवी घेतलीच नाही. भावाची कॉलेजची सॅक होती. बॅगा दुरुस्त करणाऱ्या एका काकांनी तिची चेन बदलली, आत आडवं इलॅस्टिक मारून बाटलीला आणि डायपरना जागा केली, आणि मागच्या बाजूला कागदांचा कप्पा शिवला. अडीचशे रुपये घेतले. "ताई, लेकराचं आहे म्हणून दोरा डबल मारलाय," म्हणाले. ती सॅक अजून धड आहे.

फक्त एक गोष्ट कटाक्षाने बघा. कपाटात डांबरगोळ्यांसोबत ठेवलेली बॅग किंवा दुपटी तशीच काढून बाळाला वापरू नका. त्या गोळ्यांच्या वाफेने काही बाळांच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात आणि कावीळ वाढते. कोणत्या बाळाला तसा त्रास होईल हे आधी बाहेरून कळत नाही. धुवा, कडक उन्हात वाळवा, वास पूर्ण गेला की मगच वापरा. आमच्या घरात मी कपाटातूनच त्या गोळ्या काढून टाकल्या.

भरणं, वापरणं, रिकामं करणं

जे आधी लागतं ते वर. बाळाला बदलताना आधी मेणकापड, मग डायपर, मग पुसायचे तुकडे, या क्रमाने हात जातो. त्याच्या उलट्या क्रमाने बॅग भरा. बाळाला एक पूर्ण जोड असा लावा की झबल्यात लंगोट आणि टोपडं गुंडाळून एकच पुरचुंडी होईल. रडणाऱ्या बाळाशेजारी तीन गोष्टी तीन ठिकाणी शोधायच्या नाहीत. वापरलेला डायपर घट्ट गुंडाळून कागदात बांधा आणि घरी आणून टाका किंवा कचराकुंडीत टाका. स्टँडच्या मागे, घाटात खिडकीतून, संडासात, कुठेही फेकू नका. वापरलेले डायपर ठेवायच्या पातळ प्लास्टिक पिशव्या बाळाचा हात जाणार नाही अशा कप्प्यात ठेवा. तोंडावर चिकटली तर बाळाला ती काढता येत नाही.

घरी आलं की त्याच दिवशी बॅग पालथी करा. ओले कपडे रात्रभर राहिले तर वास बसतो तो बसतोच. डायपर आणि कपडे लगेच पुन्हा भरून ठेवा. बाळाला रात्री दीड वाजता ताप आला तर उचलायची बॅगही हीच असते.

सहा महिन्यांनंतर आतलं सामान बदलतं. उकळून गार केलेलं पाणी, वाटी, चमचा, लाळेरं आणि घट्ट झाकणाच्या डब्यात नाचणीची पेज किंवा मऊ खिचडी येते. लंगोट कमी होतात. बाळ रांगायला लागलं की बॅग त्याच्यासाठी खेळणं होते, तेव्हा बाहेरच्या कप्प्यातली चिल्लर, सेफ्टी पिना, औषधाच्या बाटल्या आणि रिमोटचे बटणसेल आधी काढा. हे सेल गिळले तर काही तासांत अन्ननलिका भाजते, ताबडतोब दवाखाना गाठावा लागतो.

बॅग घरी आल्यावर पहिल्याच संध्याकाळी एक करून बघा. ती भरा, खोलीतला दिवा घालवा आणि बाळाच्या बाबांना म्हणा, बाळ डाव्या हातावर घ्या आणि अंधारात दुपटं, लंगोट आणि कार्ड काढून दाखवा. आमच्याकडे पहिल्यांदा कार्डाऐवजी लाडवाचा डबा निघाला होता. दोन कप्पे बदलले, पुन्हा दिवा घालवला, तेव्हा जमलं.